दुसरे पेडल

ठक्, एवढाच आवाज झाला. समोर नगरपालिकेची लोखंडी कचरापेटी होती आणि तिला आधीचेच इतके पोचे होते की ह्या गाडीने त्यात नेमकी कोणती भर घातली हे पेटीलाही सांगता आले नसते. स्टिअरिंगवर बसलेल्या सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. शेजारच्या सीटवर मास्तर बसले होते. त्यांच्या पायापाशी, शिकवण्याच्या सगळ्या गाड्यांत असते तसे, ब्रेकचे दुसरे पेडल होते. शिकणाऱ्याच्या पेडलला ते एका सळईने जोडलेले. एक दाबले की दुसरे आपोआप खाली जाणार. सून म्हणाली, "माझं चुकलं, बाबा. मला वाटलं तुम्ही..." आणि पुढचे तिने गिळले. मास्तर, जणू काही दुसऱ्याच कुणाला सांगावे तसे, म्हणाले, "चालतं. रिव्हर्स टाक." तिला ह्या शांतपणाचे फार आश्चर्य वाटले. मास्तरांच्या गाडीत खरचटल्याचा आवाज होणे आणि मास्तरांचा आवाज न चढणे, ह्या दोन्ही गोष्टी ह्या गावात आजवर कुणी ऐकल्या नव्हत्या. पण मास्तर शांत नव्हते. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. पेटी दिसली तेव्हा त्यांनी पायाला 'दाब' म्हणून सांगितले होते, हे त्यांना स्वच्छ आठवत होते. आजवर असे काही सांगितल्याचे कधी आठवले नव्हते, कारण सांगण्याच्या आधीच पाय दाबून मोकळा झालेला असायचा. आज पहिल्यांदा सांगणे वेगळे ऐकू आले होते, ते पाळले गेले नाही म्हणून. बाहेरच्या खोलीतून 'चहा टाक गं' म्हणून ओरडावे आणि मग ध्यानात यावे की घरात कोणीच नाही, तसे त्यांना झाले.

हा पाय म्हणजे मास्तरांची सगळी मिळकत. गिअर काय, आरसा काय, कुणीही शिकवील. पण शिकणाऱ्याची चूक त्याच्या स्वतःच्या लक्षात येण्याआधी जो पाय खाली जातो तो असा सहज मिळत नाही. एखादी मुलगी सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी येत असली की ती दिसण्याआधी पायाला ती कळायची. बसमधून कुठे गेले तरी तो पाय समोरच्या रिकाम्या जमिनीवर दाबत राहायचा, आणि बायको म्हणायची, "अहो, त्या ड्रायव्हरला पगार देतात, त्याला थोडं काम करू द्या." हसायचे ते. मनातून फुशारायचेही. आता गाडी हळूहळू घराकडे निघाली, सून जीव मुठीत धरून चालवत होती, आणि मास्तरांना एकेक गोष्ट आठवायला लागली. जणू कोणी आतल्या कपाटातले दडवलेले सामान काढून एकेक करून पुढ्यात मांडत होते. पूर्वी त्यांचा पाय पेडलच्या बाजूला टेकलेला असे. अलीकडे तो सतत पेडलवरच असतो. कधीपासून? आणि का? उचलून तिथवर न्यायला उशीर होतो म्हणून पायाने आधीच तिथे मुक्काम ठोकला होता, आणि मालकाला विचारले नव्हते. जिन्यात डाव्या पायातली चप्पल कधी निसटत नाही, उजव्याची निसटते, आणि ती घालायला दोन पायऱ्या खाली उतरावे लागते. त्यांनी नव्या चपला घेतल्या होत्या. चपलांचा दोष. मग सगळ्यांत वाईट आठवले. शिकणारे ब्रेक दाबत, पेडल खाली जाई, त्यावर टेकलेला मास्तरांचा पायही त्याबरोबर खाली जाई, आणि दर वेळी त्यांना वाटे की आपणच दाबले. खाली जाणाऱ्या पेडलवरचा पाय ढकलतोय की नुसता बसून चाललाय, हे पायाच्या धन्याला कळू नये? पण नव्हते कळले. किती महिने ती पोरे आपापली गाडी आपणच थांबवत होती आणि मास्तर संध्याकाळी घरी येऊन, आज अमक्याला वाचवला, तमकीला वाचवले, असे सांगत होते. गाडी घराशी लागली तेव्हा मास्तरांना घाम फुटला होता. सुनेला वाटले, उकाड्याने.

रात्री जेवताना तिने सगळे सांगून टाकले. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. "पेटीला ठोकली मी. आणि बाबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पायच मध्ये आणला नाही त्यांनी. गेले कित्येक दिवस आणत नाहीत. म्हणून तर मला जमायला लागलंय." बायको म्हणाली, "अगंबाई, सूर्य कुठे उगवला आज?" मुलगा खाली मान घालून जेवत होता. तो नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होता. गावातले सगळे रस्ते त्याच्या कागदावरून गेलेले, पण त्यातल्या एकावरही त्याने गाडी घातली नव्हती. तो बसने जाई, बसने येई. बापाशी बोलणे बंद होते असे नाही. विजेचे बिल भरले का, डॉक्टरकडे कधी जायचे, एवढे बोलणे होते, आणि त्याहून लांबचे बोलणे दोघेही आईमार्फत करत. त्या रात्री त्याने ताटातून मान वर केली आणि बापाकडे बघितले. फार दिवसांनी सरळ बघितले. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि उगीचच पाणी पीत राहिले.

बापलेकांतल्या ह्या दुराव्याचे कारण जुने होते. मुलगा कॉलेजात गेला तेव्हा मास्तरांनी त्याला मोठ्या हौसेने गाडीत बसवले. सगळ्या गावाला शिकवले, आता आपल्या रक्ताला शिकवायचे. आणि जे परक्याच्या बाबतीत दहा वेळा झाले असते ते मुलाच्या बाबतीत शंभर वेळा झाले. वळण आले, पाय खाली. कुत्रे दिसले, पाय खाली. काहीच दिसले नाही तरी, दिसेल म्हणून, पाय खाली. मुलगा पहिल्यांदा हसला, मग वैतागला, मग गप्प बसायला लागला. "बाबा, मी दाबायच्या आधीच पेडल खाली जातं. माझा पाय ह्यात कशाला हवाय?" मास्तर म्हणाले, "अरे, तुला काही होऊ नये म्हणून." त्या उत्तरात खोटे काहीच नव्हते. तो वर्षाचा होता तेव्हाही असेच झाले होते; पोरगे भिंत सोडून चालू बघायचे आणि पाठीमागे मास्तरांचा हात तयार. बायको म्हणायची, "पडू दे की एकदा. पडल्याशिवाय तोल कुठला कळणार त्याला?" पण मास्तरांना बघवत नसे. त्याच्या गुडघ्यांत ती थरथर सुरू झाली की त्यांच्याच गुडघ्यांत थरथर व्हायची. शेवटी एक दिवस भर चौकात, पुढचा सिग्नल हिरवा असताना, मास्तरांनी ब्रेक दाबला. का दाबला ते त्यांनाही सांगता आले नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मुलाने गाडी बंद केली, दार उघडले, उतरला आणि चालत घरी गेला. दार उघडेच राहिले. मास्तर इकडून तिकडे सरकून बसले आणि गाडी घरी घेऊन आले. त्यावर घरात कोणी काही बोलले नाही, आणि न बोलता बोलता इतकी वर्षे गेली.

मास्तरांनी गाडी शिकवण्याच्या धंद्यातल्या भागीदाराला सांगितले की कंबर धरली आहे, काही दिवस माझी पोरे तू घे. सूनही भागीदाराच्या गाडीत बसायला लागली. आणि ते एकटेच नसांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाई निघाल्या, आणि त्यात नवल नव्हते, त्या मास्तरांकडेच गाडी शिकल्या होत्या. "तुमचा पाय आठवतो मला," त्या हसून म्हणाल्या, "मी चूक ठरवायचे आणि तो यायचा." मग त्यांनी त्या पायाला हात लावला आणि हसणे थांबले. चवडा वर ओढा, माझ्या हाताविरुद्ध. मास्तरांनी सगळा जीव लावून ओढला. चवडा जेमतेम हलला. बाईंनी पोटरी उघडी करून दिव्याखाली बघितली. कातडीखाली बारीक काहीतरी वळवळत होते, दूध उकळायच्या आधी कडेला हलते तसे. मास्तरांनी ते कधी बघितलेच नव्हते. आपली पोटरी कोण बघत बसतो? मग बाईंनी छोटी हातोडी घेऊन गुडघ्याखाली मारली आणि पाय असा उसळला की टेबलाला लागला. मास्तरांचा चेहरा उजळला. "बघा! उडतोय की!" बाईंनी हातोडी खाली ठेवली. त्या सावकाश बोलल्या, उतारावर शिकाऊ गाडी आणावी तशा. "मास्तर, हा ठोका मेंदूपर्यंत जातच नाही. गुडघ्यातून पाठीच्या मणक्यात जातो आणि तिथूनच परत फिरतो. एरवी मेंदू वरून त्याला आवरून धरतो. आता आवरणारं कमी झालंय, म्हणून तो इतका उसळतोय." पुढे सुयांची तपासणी झाली, पाठीचे आणि डोक्याचे फोटो झाले, रक्त झाले. शेवटच्या दिवशी बाईंनी खुर्ची जवळ ओढून घेतली. मेंदूतून एक धागा मणक्यापर्यंत हुकूम आणतो, तिथून दुसरा धागा तो स्नायूपर्यंत नेतो. तुमचे दोन्ही धागे झिजतायत. स्नायूला हुकूम मिळत नाही, मग स्नायूही वाळतो. "आणि बधिरपणा? मला तर सगळं कळतं. मुंगी चढली तरी कळते." कळणारच, बाई म्हणाल्या, कळायच्या नसा वेगळ्या, त्यांना काही झालेले नाही. बरे होते का, ह्यावर त्या नाही म्हणाल्या. गोळ्या आहेत, त्यांनी थोडा वेळ मिळतो. पुढे दुसरा पाय, हात. "आणि मग?" बोलणे, गिळणे. श्वास. त्यांनी हे शब्द लपवले नाहीत आणि मास्तरांना त्यांचा राग आला नाही. फक्त एवढे मनात आले की ही पोरगी आता चुकत नाही, आणि हिला थांबवायला आपल्याकडे काही नाही.

त्या दिवशी ते घरी आले ते सांगायचे ठरवूनच. दारातच सून पेढा घेऊन उभी. गाडीच्या परवान्याची परीक्षा पास झाली होती. घरात हसणे-खिदळणे चालले होते, आणि एवढ्यात कसे सांगायचे, म्हणून मास्तर हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तर मुलगा खिडकीशी उभा. रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबा, ही सांगत होती, तुम्ही आता चुकू देता." मास्तरांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "रविवारी वेळ आहे तुम्हाला? मी पण बसून बघतो म्हणतो." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. बायको दारात आली होती. तिच्या हातात ओली कढई होती आणि तिचे पाणी लादीवर गळत होते, तरी तिला भान नव्हते. तिचा चेहरा बघून मास्तरांच्या तोंडातले सगळे शब्द विरून गेले. एवढी वर्षे ह्या बाईने दोघांच्या मध्ये बसून बोलणी इकडची तिकडे पोचवली होती. "आहे की," मास्तर म्हणाले, "रविवारी काय, वेळच वेळ आहे." आणि रात्री अंथरुणात ते स्वतःला शिव्या देत राहिले. पोराला विश्वास वाटलाय, तो कशावर? आपण त्याच्यावर टाकलेल्या विश्वासावर. आणि तो विश्वास कुठे होता? कुठेच नव्हता. एक वाळत चाललेली पोटरी होती.

रविवारी सकाळी बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या मैदानात मास्तरांनी गाडी नेली. तिथवर नेताना पाय कसाबसा वागला. मैदानात काही नव्हते, लांब एक भिंत आणि रस्त्याकडे उघडणारे फाटक. निदान इथे कोणी मरणार नाही, हा हिशेब. जागा बदलल्या. मुलाने स्टिअरिंग धरले आणि मास्तरांना त्याचे हात दिसले. मनगटावरचे केस, नखे कापलेली, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचे हात. गाडी दोनदा बंद पडली. मुलगा ओशाळून हसला. तिसऱ्यांदा निघाली, बेडकासारखी उड्या मारत, मग सावरली. वळण त्याने फार मोठे घेतले, भिंत जवळ आली, मास्तरांच्या आत सगळे ओरडले, दाब, दाब! आणि पाय चटईवर पडून राहिला, आणि मुलाने भिंतीच्या बऱ्याच अलीकडे आपणच ब्रेक दाबला. मास्तरांच्या सीटपाशी पेडल खाली गेले आणि वर आले. मुलाने श्वास सोडला तो मास्तरांना ऐकू आला. पुढचे वळण चांगले आले. त्याच्या पुढचे आणखी चांगले. तो आठ आकडा काढायला लागला, बोलायला लागला, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायला लागला. मास्तर हसले. खरेच हसले, पोट धरून. मनात आले की हे असे आधी झाले असते तर, आणि त्याच वेळी मुलगाही म्हणाला, "तेव्हाच असं बसला असतात तर, बाबा." मग थोड्या वेळाने, वळता वळता, "कसं जमवलंत? तुमचा स्वभाव नाही तो." मास्तर म्हणाले, "वय झालं." एवढे सोपे होते ते. एवढ्यावर निभावले असते. पोराच्या मनात बाप बदलला तो बदललाच राहिला असता, पुढे खाटेवर पडल्यावरही राहिला असता.

मुलाने गाडीचे तोंड फाटकाकडे केले. "रस्त्यावर काढू?" फाटकाबाहेर रविवारची सकाळ होती. एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. दोन पोरे चेंडू एकमेकांकडे फेकत रस्ता ओलांडत होती. मास्तर म्हणाले, "थांब." मुलाने लगेच गाडी थांबवली आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुने, बंद दारासारखे काहीतरी आले. "घाबरलात? म्हणजे मैदानापुरताच का विश्वास?"

"विश्वास नाही रे," मास्तर म्हणाले. "विश्वास वगैरे काही नव्हताच. पाय उचलत नाही माझा."

मग मास्तरांनी सगळे सांगितले, कचरापेटीपासून, धागे, सुया, पोटरी, पुढे काय काय जाणार ते. सांगताना आवाज अगदी शिकवतानासारखा होता. मुलाने इंजिन बंद केले. "आईला?" "नाही सांगितलं." "म्हणजे आत्ता, त्या भिंतीपाशी, पाय चालत असता तर..."

"दाबला असता."

"आणि नंतर? वळणांवर?"

"तिथेही. सगळीकडे. आत्तासुद्धा आतून दाबतोच आहे मी. खाली जात नाही एवढंच."

खोटे बोलावे असे मास्तरांना शेवटच्या क्षणीही वाटले होते, पण निदान हे एक तरी त्याला खरे मिळू दे. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. चेंडूवाली पोरे निघून गेली. तो आता उतरेल, मास्तरांनी मनाशी म्हटले. उतरला तर ह्या खेपेला इकडून तिकडे सरकून आपल्याला गाडी नेता येईल का, हेही त्यांच्या मनात येऊन गेले. मुलाने वाकून खाली, त्या पायाकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग सरळ बसला, नाक पुसले आणि म्हणाला, "तोंडाने सांगा. दाबायचं वाटलं की 'दाब' म्हणा. मी दाबतो." आणि गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढली.

रस्ता मोकळा होता. बाबागाडीवाली लांब गेली होती. मुलगा सावकाश, नीट चालवत होता, मास्तरांच्या कुठल्याही चांगल्या विद्यार्थ्यासारखा. काही अंतर गेल्यावर मास्तरांच्या तोंडून निघाले, "दाब." का निघाले कोण जाणे. मुलाचा पाय तत्काळ खाली गेला. गाडी थांबली. समोर कोणी नव्हते. माणूस नाही, कुत्रे नाही, वळण नाही, सिग्नल नाही. मास्तरांनी मुलाकडे बघितले, तो आता काहीतरी म्हणेल म्हणून. 'का?' असे तरी विचारेल. चौकात गाडी सोडून गेलेला तो पोरगा ह्याच्यात कुठे तरी असेल, चिडेल, दार उघडेल. त्यांनी त्याची वाट बघितली. मुलाने आरशात मागे बघितले, मग बापाकडे, फार मायेने, आजाऱ्याकडे बघतात तसे. म्हणाला, "बरं. सांगा, कधी निघू?" तेव्हा मास्तरांना रडू फुटले. मुलगा ब्रेकवर पाय ठेवून, हुकमाची वाट बघत बसून राहिला.